ताई, मेसेजनं बिडी सुटते का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक चार पानी आहे. वहीचा कागद, निळी शाई, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. यावेळची बरीचशी जागा त्यालाच गेली, बाकीच्यांनी रुसू नये. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. कामाचे आणि मोहल्ल्याचे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत, म्हणजे शेजाऱ्यानं अंक वाचला तरी त्याला माग लागू नये.

प्रश्न: ताई, मी ४७ वर्षांचा. नागपूरला कळमन्याच्या बाजारात मापारी आहे. २०१३ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची गोळी चालू आहे, एक दिवस चुकली नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, आता सापडत नाही असा रिपोर्ट येतो. बायकोला माहीत आहे, ती निगेटिव्ह आहे. पोरगा १४ वर्षांचा, त्याला माहीत नाही. बिडी मात्र तेविसाव्या वर्षापासून. रोज एक बंडल, मालाची गाडी रात्री उशिरा लागली तर दीड. या वेळी खोकला हटत नाही म्हणून एआरटी सेंटरवरच्या डॉक्टर मॅडमनं छातीचा फोटो काढायला लावला. टीबी निघाला नाही, पण त्या म्हणाल्या, आता बिडी बंद.

तिथंच पोस्टरवर एक नंबर होता, त्यावर मिस्ड कॉल दिला. मेसेज येऊ लागले. तिसऱ्या दिवशी पोरगा फोनवर गेम खेळत होता, त्यानं एक मेसेज मोठ्यानं वाचला. "बाबा, हे तुमाले कोण पाठवते?" मी घाबरलो, सगळे मेसेज पुसून टाकले.

१) या मेसेजवरून माझी बिमारी कोणाले समजू शकते काय? २) मेसेजनं खरंच बिडी सुटते, का नुसता सरकारी उपदेश? ३) ते निकोटीनचं चिंगम आमच्या गोळीसोबत चालते काय?

आणखी एक. हे कोणाजवळ बोललो नाही. ठेल्यावर आम्ही चौघं एकच बिडी फिरवतो. २०१४ साली गावाकडं भावकीतल्या एकाला माझं समजलं होतं. मी बिडी पुढं केली, त्यानं घेतली नाही, खिशातून स्वतःची काढली. इथं बाजारात कोणाला ठाऊक नाही. सगळे माझ्या हातची बिडी घेतात. मी सोडली तर विचारतीलच, काहून सोडली? डॉक्टरनं काय सांगितलं?

उत्तर: भाऊ, तुम्ही तीन प्रश्नांना आकडे घातले आणि चौथ्याला घातला नाही. मी त्याच्यापासूनच सुरू करते, कारण मला वाटतं तुमची बिडी तिथं अडकली आहे.

भावकीतल्या त्या माणसानं खिशात हात घातला, ते दोन सेकंदांचं काम. तुम्ही ते दहा-अकरा वर्षं सांभाळून ठेवलं आहे. कळमन्याच्या ठेल्यावर तुमच्या हातची बिडी दुसऱ्याच्या ओठाला लागते, तेव्हा ती तुम्हाला बिरादरीत असल्याचा दाखला वाटते. दाखला कोण सोडेल? हे सेंटरवर कुणी विचारत नाही. तिथं विचारतात, "दिवसाला किती?" आणि कार्डावर आकडा टाकतात. मीही सेंटरवर समुपदेशक असताना वर्षानुवर्षं तेच केलं, म्हणून सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करा. बिडी फिरवल्यानं एचआयव्ही कुणाला होत नाही. थुंकीतून, उष्ट्यातून, एका ताटात जेवल्यानं तो पसरत नाही. तुमचा भावकीतला चुकला. हवेतून पसरतो तो टीबी. धूर ओढणाऱ्याला टीबीचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो, आणि एचआयव्ही असलेल्याला तो मुळातच कितीतरी जास्त. एकावर एक. मॅडमनं फोटो काढायला लावला तो उगाच नाही.

आता "काहून सोडली?" या प्रश्नाचं. उत्तर खरं द्या, पण अर्धं द्या. "खोकला हटेना. छातीचा फोटो काढला, डॉक्टरनं बिडी बंद केली." यात एक अक्षर खोटं नाही. आणि मिरचीच्या आवारात, धान्याच्या धुळीत काम करणाऱ्याला खोकला आहे म्हटल्यावर कोण कान टवकारणार? अर्ध्या बाजाराला आहे. ठेला सोडू नका. सुरुवातीलाच ठेला सोडायला सांगणारे फार, पण ठेला म्हणजे नुसता तंबाखू नव्हे, तिथं तुमची माणसं आहेत. पहिला आठवडा हवं तर टाळा. नंतर जा, उजव्या हातात चहाचा ग्लास धरा आणि बिडी तुमच्याकडं आली की डाव्या हातानं पुढं सरकवा. साखळी तुटत नाही, झुरका तेवढा गळतो. आमच्याकडं येणाऱ्या एका ऑटोवाल्यानं असंच केलं होतं. तो म्हणायचा, "ताई, मी आता फक्त पोस्टमन."

तुमचा पहिला प्रश्न. त्या मेसेजना तुमची बिमारी ठाऊक नाही. तुम्ही मिस्ड कॉल दिला तो बहुतेक ०११-२२९०१७०१, केंद्राच्या आरोग्य खात्याची 'एम-सेसेशन' सेवा. ती देशातल्या कुठल्याही तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यासाठी आहे. मेसेजमध्ये फक्त तंबाखूच्या गोष्टी असतात. पोस्टर सेंटरच्या भिंतीवर होतं म्हणून तुम्हाला दोन्ही एक वाटलं. तेच पोस्टर एसटी स्टँडवर असतं तर वाटलं नसतं. पोरानं बिडीचं वाचलं, तुम्हाला वाटलं त्यानं बिमारीचं वाचलं. बाबा बिडी ओढतो हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत आहे! त्यालाच सांगा, मी सोडतो आहे, रोज रात्री माझ्या बंडलातल्या मोज. चौदा वर्षांचं पोट्टं हिशेबात बापाला सोडत नाही.

तरीही तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खरी झालेली मी पाहिली आहे. आणि चूक माझीच होती. तेव्हा मी एका सेंटरवर समुपदेशक होते. औषध घ्यायला लोक तारखेला येत नसत, म्हणून मी उत्साहानं माझ्या फोनवरून मेसेज पाठवायला लागले. एका बाईला लिहिलं, "तुमची एआरटीची तारीख उद्या आहे." फोन घरात सामाईक. मेसेज तिच्या जावेनं वाचला. एआरटी म्हणजे काय ते जावेला कळलं नाही, म्हणून तिनं कॉलेजातल्या पोराला विचारलं. ती बाई पुढल्या महिन्यात आली ती माहेरून. मला काही बोलली नाही, औषधाचा डबा घेतला आणि गेली. त्या दिवसापासून माझा मेसेज एवढाच: "उद्या ये. ताई." कोण ताई, कशाला ये, ज्याला कळायचं त्याला कळतं.

म्हणून फोनमध्ये दोन गोष्टी करा. स्क्रीन बंद असताना मेसेजचा मजकूर वर दिसणार नाही अशी सेटिंग असते, मोबाइलच्या दुकानात दोन मिनिटांत करून देतात. आणि सेंटरचा नंबर सेव्ह करताना त्याला 'सेंटर' नाव देऊ नका.

दुसरा प्रश्न, सुटते का. इंग्लंडमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर याची मोठी चाचणी झाली, २०११ साली तिचे निकाल आले. अर्ध्या लोकांना बिडी-सिगारेट सोडण्यासाठी धीर देणारे मेसेज, उरलेल्यांना नुसते आभाराचे. सहा महिन्यांनी थुंकी तपासून पाहिलं तर पहिल्या गटात १०.७ टक्के लोक सुटलेले, दुसऱ्यात ४.९ टक्के. म्हणजे शंभरातले पाच आपोआप सुटले असते, मेसेजनं ते जवळपास अकरा झाले. नव्वद तिथंच राहिले, हेही खरं. मेसेज ही जादू नव्हे. पण खर्च जवळजवळ शून्य, आणि त्या सहा जणांना विचारा. एचआयव्ही असलेल्यांसाठी अमेरिकेत ह्युस्टनला फोनवरून समुपदेशनाचा प्रयोग झाला. तीन महिने फोन चालू होते तोवर फरक चांगला दिसला, फोन थांबले आणि वर्षभरात फरक विरला. मला त्यातून एवढंच कळलं की तीन महिन्यांत कुणी तुमचा हात सोडू नये.

आता माझं मत. सरकारी मेसेज वाईट नाहीत, पण ते त्यांच्या वेळेला येतात आणि तुमची तलफ तुमच्या वेळेला येते. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. मिलचा भोंगा वाजला की त्यांचा हात खिशात जायचा. पाळी सुरू व्हायच्या आधी एक, जेवणाच्या सुटीत दोन, सुटल्यावर फाटकाबाहेर एक. रविवारी भोंगा नाही, तर त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना बिडीची आठवणही यायची नाही. आई म्हणायची, "यांना बिडीचं व्यसन नाही, भोंग्याचं आहे." मला ते कळायला समुपदेशनाचं प्रशिक्षण घ्यावं लागलं.

तेव्हा तुमचा भोंगा शोधा. उद्या एक दिवस बिडी कमी करू नका, फक्त प्रत्येक बिडीची वेळ बंडलाच्याच कागदावर लिहा. संध्याकाळी बघा. पंचवीसपैकी पंधरा-सोळा नुसत्या हाताला चाळा म्हणून ओढलेल्या निघतील. खऱ्या अडून बसणाऱ्या सहा-सात. उठल्याबरोबरची, पहिल्या गाडीनंतरची, डब्यानंतरची, हिशेब लागल्यावरची. त्या सहा-सात वेळांच्या तीन मिनिटं आधीचे गजर फोनला लावा आणि प्रत्येक गजराला नाव द्या, फोनमध्ये तशी सोय असते. नाव तुमच्या भाषेत, तुमच्या शिव्यांत चालेल. तलफ वर चढते आणि पाचेक मिनिटांत उतरते. ती पाच मिनिटं निघाली की झालं, पुढल्या गजरापर्यंत मोकळे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, चिडचिड, झोप उडणं, डोकं जड. दोन-चार आठवड्यांत ते निवळतं.

आणि गजर तुम्हाला नवा नाही हो. रात्री नऊला गोळीचा गजर तुम्ही एवढी वर्षं पाळता, वरात असो की मयत. अशी शिस्त असलेला माणूस मला म्हणतो की माझ्यानं बिडी सुटत नाही, तेव्हा मी त्याचं ऐकून घेते, विश्वास ठेवत नाही.

बोलायला जिवंत माणूस हवं असेल तर १८००-११-२३५६. हा फुकटचा नंबर तुमच्या तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापतात, कुणी वाचत नाही. दिल्लीसोबत मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही हे काम चालतं. त्यांनाही तुमच्या बिमारीचं सांगायची गरज नाही.

तिसरा प्रश्न, चिंगम. निकोटीन गम आणि तुमच्या गोळीचं भांडण नाही. तुमच्या रोजच्या एका गोळीत डोल्युटेग्राव्हिर असेल, आता बहुतेकांना तीच असते, तर तिचं भांडण आहे ॲसिडिटीच्या काही औषधांशी, कॅल्शियमशी आणि लोहाच्या गोळीशी. बिडी सोडल्यावर पोट बिघडलं म्हणून ॲसिडिटीचं औषध स्वतःच्या मनानं गोळीसोबत घेऊ नका. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते सेंटरवर विचारा. बुप्रोपिऑन नावाचं एक औषध सिगारेट सोडायला देतात, ते काही एचआयव्हीच्या औषधांसोबत नीट काम करत नाही आणि फिट येणाऱ्यांना चालत नाही. व्हरेनिक्लिन नावाचं दुसरं आहे, त्याची अशी अडचण सहसा येत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच.

गम कसा चघळायचा ते मात्र दुकानदार सांगत नाही. आपल्याकडची माणसं तो खर्रा किंवा सुपारीसारखा कचाकचा चावतात, मग घसा जळतो, उचक्या लागतात आणि गम कचऱ्यात जातो. चार-सहा वेळा हळू चावा. तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबा आणि गालाच्या आत, हिरडीला लावून ठेवून द्या. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा, दुसऱ्या गालात ठेवा. अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको, संत्र्याचा रस नको, नाहीतर औषध अंगात उतरत नाही, नुसतं गिळलं जातं. (नागपूरच्या माणसाला संत्रं नको म्हणणं जिवावर येतं, पण आहे तसं आहे.) दोन मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर चार मिलिग्रॅमचं डॉक्टरांना विचारा.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. डेन्मार्कमध्ये चांगले उपचार मिळणाऱ्या एचआयव्हीच्या रुग्णांचा हिशेब केला. ३५ वर्षांच्या माणसाच्या आयुष्यातून एचआयव्ही ५ वर्षं नेतो, धूम्रपान १२. तुम्ही ज्याला घाबरून फोन पुसला त्याला गोळीनं केव्हाच बांधून टाकलं आहे. दुसरा रोज तुमच्या खिशात बसून बाजारात येतो.

तारीख ठरवा. पोळा जवळ आला आहे. दुसऱ्या दिवशी महालात, इतवारीत मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा तो मोठा पुतळा, निघेल, सगळं गाव "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडेल. तुम्हीही ओरडा आणि उरलेलं बंडल तिच्यासोबत पाठवून द्या. नंतर मला पत्र टाका. पत्ता नसला तरी अक्षर ओळखेन.

प्रश्न: माझे यजमान पॉझिटिव्ह आहेत. त्यांनी सिगारेट सोडली, पण आता दिवसाला सहा-सात खर्रे खातात. म्हणतात, धूर तर नाही ना. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. पन्नीत घोटलेल्या त्या खर्ऱ्यात तंबाखू आहे, चुना आहे आणि सुपारी आहे. निकोटीन तेच. सुपारीला तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक म्हणून २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलं आहे. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच एकदा खाली जाऊन आली आहे, त्यानं तोंडाशी हा खेळ करू नये. आरशासमोर त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, तर पुढल्या तारखेची वाट न बघता दंतरोग विभागात न्या. नागपूरच्या सरकारी मेडिकलला आहे. आणि खर्रा सोडायलाही तोच मिस्ड कॉल, तोच १८०० वाला नंबर चालतो, तो फक्त सिगारेटवाल्यांसाठी नाही.

प्रश्न: उत्तर नागपुरात आमचा पॉझिटिव्ह लोकांचा छोटा गट आहे. त्यातले पस्तीस-चाळीस जण बिडी-सिगारेटवाले आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप करून रोज सकाळी त्यावर सुविचार आणि तंबाखूचे दुष्परिणाम टाकायचा विचार आहे. मजकूर कसा असावा?

उत्तर: ग्रुप करू नका. मजकुराचं नंतर बोलू.

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, डीपी दिसतो. गटात नव्यानं आलेल्या एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसतं, ग्रुपनं ते एका क्षणात होतं. एकाचा फोन भावाच्या हाती लागला की चाळीस घरं उघडी. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि ज्यांच्याकडं अशी माहिती आहे त्यांनी ती जपायची असते. तुम्ही मनानं चांगले असलात तरी हे तुम्हालाही लागू. प्रत्येकाची लेखी संमती घ्या. कोणत्या नंबरवर, किती वाजता, तो फोन आणखी कोण हाताळतं, हे विचारून लिहून ठेवा. ती वही कुलपात.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा, त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. पण तुमचा नंबर त्यांनी सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, हे बघा. साध्या बटणाच्या फोनवाल्यांना साधा एसएमएस.

मजकुरात हे शब्द नकोत: एचआयव्ही, एआरटी, सेंटर, काउंट, गोळी, लाल रिबन, तुमच्या गटाचं नाव. दुष्परिणामही नकोत. पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या चित्रानं भरलेला असतो आणि आपली माणसं तो बोटानं झाकून सिगारेट काढतात. तुमच्या सुविचारानं काय होणार? सुविचार तर देवासाठी थांबवाच.

असं काहीतरी लिहा:

सकाळी ६:१० — "उठले का भाऊ? पहिलीच जड. आधी तोंड धुवा, मग बघू."

दुपारी १:३० — "डबा झाला असंल. पाय ठेल्याकडं वळले तर वळू द्या, हातात चहा घ्या."

संध्याकाळी ६:३० — "आज कोण जास्त आग्रह करत होतं? नाव नको, शिवी कळवा."

रात्री ८:४५ — "आज किती झाल्या? आकडा पाठवा. वाढला असला तरी पाठवा."

इंग्लंडच्या त्या चाचणीतली एक युक्ती मला फार आवडते. माणसानं नुसता 'तलफ' या अर्थाचा एक शब्द पाठवला की लगेच उलट मेसेज यायचा, आणि 'घसरलो' अशा अर्थाचा पाठवला तरी यायचा. तुमच्याकडं मशीन नाही, माणसं आहेत. चौघांनी वेळा वाटून घ्या. आलेल्या शब्दाला दहा मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे, काहीही उत्तर, "आहे मी" एवढंसुद्धा. त्या चाचणीत पहिले पाच आठवडे दिवसाला पाच मेसेज जायचे, मग सहा महिने आठवड्याला तीन. तुम्ही चाळीस जणांना एकदम घेऊ नका. आठ घ्या. तुम्हालाही संसार आहे, आणि पंधराव्या दिवशी थकून मेसेज बंद करण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

प्रश्न: माझ्या यजमानांनी ३८ दिवस बिडीला हात लावला नव्हता. परवा मयतीला गेले होते, तिथं ओढली. रात्री घरी येऊन सांगितलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. ते कामावर गेले की मी दुपारी मेसेज करते, पण आता काय लिहू सुचत नाही. रागही येतो.

उत्तर: राग येऊ द्या, लिहू नका. "मी म्हटलंच होतं" हे तर अजिबात नको. त्यांनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही, ते मोठं आहे. मयतीत चिता पेटेपर्यंत करायला काही नसतं आणि बंडल या हातातून त्या हातात फिरतच असतं. तिथं एक ओढली म्हणून अडतीस दिवस वाया जात नाहीत. खरा धोका एवढाच असतो की "आता सुटलंच आहे तर" म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस नवं बंडल घेतो. घरात, शर्टाच्या खिशात, गाडीच्या डिक्कीत उरलेलं असेल तर त्यांच्यासमोर फेका, पाठीमागं नको.

मेसेजमध्ये मयतीचा विषय काढू नका. दिवसांची मोजणी तशीच पुढं चालू ठेवा आणि काहीतरी काम सांगा. मी तुमच्या जागी असते तर लिहिलं असतं, "आज चाळिसावा. येताना दही आणा." दह्याचं दुकान ठेल्याला लागून असेल तर दुसऱ्या दुकानाचं नाव लिहा.